मातीची लॉरी, वितीला एक बोट

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मला सगळं येत होतं. पुढं आयुष्यात इतकं सगळं मला कधीच आलं नाही. मराठी तिसरीत हिशेबात पहिला नंबर, त्यामुळं मान जरा जास्तच ताठ. घरातली मोठी माणसं मला अडाणी वाटत. देवानं तेव्हाच पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. पण त्यानं ते काम घरच्यांवर सोपवलं आणि घरच्यांनी ते केलं नाही. त्यांचे उपकार.

साल पस्तीस-छत्तीस असावं. आम्ही बारामतीत, कऱ्हेच्या काठच्या एका आळीत राहत होतो. दादा, म्हणजे माझे वडील, कोऱ्हाळ्याकडच्या गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपी बैलगाडीनं पेठेत आणून टाकायचे. एका वर्षी त्यांनी आपली खिलारी जोडी पळसदेवच्या एका शेतकऱ्याला विकली आणि पुण्याहून एक जुनी लॉरी घेऊन आले. पुढं हँडल मारल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि हँडल मारलं की सगळी आळी जागी होई. मागं माल भरायला फळ्यांचा हौदा. रबरी फुग्याचा भोंगा. आम्हां पोरांना तर लॉटरी लागली.

आत्याला मात्र नाही. आत्या दादांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा दादांना हिनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली ती कायमची. ते बैलही वासरं होते तेव्हापासून तिच्याच हातचे. जोडी विकली त्या दिवसापासून तिनं दादांशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं बंद. लॉरी दारात आली की ती तोंड फिरवून आत जाई.

घर एकच, चूल एकच, मग निरोप पोचवायला कोण? मी.

"सांग तुज्या बापाला, भाकरी थापलीया."

दादा दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसलेले. ते म्हणायचे, "सांग तुज्या आत्याला, वाढ म्हणावं."

मी या निरोपांना थोडी फोडणी द्यायची. "आत्या, दादा म्हणत्यात, तुज्या हातची भाकरी म्हंजे निव्वळ लोणी."

आत्या तव्यावरची नजरही हलवायची नाही. "तुजा बाप आसं बोलायचा न्हाय. त्येला आसलं सुचतच न्हाय."

दादा हसायचे, पण जेवण अर्ध्यावर सोडून उठायचे. ते मला दिसायचं. आईलाही दिसायचं. आई आत्याला म्हणायची, "वन्सं, आता पुरं करा की." आत्या तव्यावरची भाकरी उलटायची. असे आठ महिने गेले आणि आषाढात बेंदूर आला.

बेंदराला ज्याच्या दावणीला बैल असतील तो बैल पुजतो, आणि ज्याच्याकडं नाहीत तो मातीचे पुजतो. म्हणजे त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदाच मातीचे बैल येणार होते. आत्या सणाच्या आधी चार दिवस नुसती भिंतीकडं बघत बसली. तेव्हा माझ्या पहिल्या नंबराच्या डोक्यातून कल्पना निघाली: मातीच्या बैलांशेजारी मातीची लॉरीही पाटावर मांडायची. आत्या पूजा करताना तिच्यावरही हळदकुंकू वाहील, आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की वैर संपलं. लोक पुढं माझंच गुणगान गातील, हेही मी ठरवून टाकलं होतं.

मी आमच्या आळीतल्या कुंभारआबांकडं गेले. ते बैलांना वशिंडं चिकटवत बसले होते. मी बेत सांगितला. त्यांनी मला हाकलून दिलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सणाच्या तोंडावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता.

"देवाम्होरं ठिवायची तर मापात पायजे," ते म्हणाले. "बारा बोटांची एक वीत. खऱ्या गाडीच्या वितीला हितं एक बोट धर. लांबी, रुंदी, उंची, समदं तसंच. मग चुकायची न्हाय."

"एवढंच ना?" मी म्हणाले. आबांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि मातीचा गोळा दिला. घोड्याची लीद घालून तुडवलेली काळी माती होती, तडकू नये म्हणून.

माप घ्यायला मी दुपारी लॉरीपाशी गेले. लांबी माझ्या विती टाकत मोजली: अठ्ठावीस. खाली वाकून, रांगून, परकराला वंगण फासून. उंचीला मात्र माझा हात पुरेना. दादा ओट्यावर पडले होते, त्यांना उठवलं.

"कशाला गं?"

"शाळेचा हिशेब हाय."

बिचारे उठले. खालपासून टपापर्यंत आपल्या विती टाकल्या: नऊ. रुंदीही त्यांनीच मोजली. ढेपी उचलून उचलून त्यांचा पंजा सुपाएवढा झालेला. माझा पंजा चिमणीचा. हिशेबात पहिल्या आलेल्या मुलीला यात काही वावगं दिसलं नाही. पाटीवर तिन्ही आकडे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या.

तीन दिवस आबांच्या ओसरीवर माझा कारखाना चालला. आत तुरकाठ्यांचा सांगाडा, वरून माती. चाकांना आबांनी बोळक्यांची चार झाकणं दिली. हौद्याच्या फळ्यांसाठी ज्वारीच्या धाटाच्या चिपाट्या सोलल्या. खऱ्या लॉरीला एका बाजूला चार फळ्या होत्या, पण माझ्या लॉरीत चार मावेनात. तीनच बसल्या. मला वाटलं, चिपाट्याच जाड असतील. आषाढातलं आभाळ, ऊन नव्हतं, म्हणून लॉरी भट्टीच्या उबेला वाळत ठेवली. आबा येता-जाता तिच्याकडं बघत आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी गिळत. एकदा मात्र न राहवून म्हणाले, "पोरी, बैलाच्या पोटाखालनं जाईल ही."

मी म्हणाले, "आबा, माप बरोबर हाय."

"व्हय व्हय," आबा म्हणाले. "मापाचं माज्याम्होरं नाव काढू नगंस."

बेंदराच्या सकाळी आत्यानं पाट मांडला, मातीची जोडी ठेवली. ती पाणी आणायला वळली तशी मी अंगावर गुंडाळलेल्या आईच्या लुगड्याच्या पदराखालून लॉरी काढून बैलांशेजारी ठेवली. परकर-पोलक्यावर आईचा पदर कशाला, हेही कुणी विचारलं नाही. आई चुलीपाशी, दादा उंबऱ्यावर. आत्या आली. बघितलं. तांब्या खाली ठेवला.

"ही घोरपड कुनी आनली?"

"घोरपड न्हाय! लॉरी हाय. दादाची."

आता तिच्या डोळ्यांनी मलाही ती दिसली. लांबच लांब, चपटी, वरून कुणी बसल्यासारखी. दादा उठून आत आले, वाकून बघू लागले. ते हसले असते तर मी तिथंच मेले असते. ते हसले नाहीत. म्हणाले, "चाकं झ्याक झाल्यात."

"चाकाचं काय घिऊन बसलास!" आत्या म्हणाली. "फळ्या तीनच हायत. चार पायजेत. आन् डाव्या अंगाची वरची फळी चिरल्याली हाय, तिला आतनं पट्टी मारल्याली हाय. ती कुठं हाय? म्होरला डावा दिवा चेपल्याला हाय. ह्यो गुळगुळीत कसा?"

आईनं रटरटणारी आमटी चुलीवरून खाली उतरवली.

दादा हळूच म्हणाले, "आक्का, तुला काय ठावं? तू तर लॉरीकडं बघत न्हाईस."

"बघत न्हाय म्हनून दिसत न्हाय व्हय रं?" आत्या त्यांच्याकडं वळली. "दीस मावळायला येतोस. दाराच्या फटीतनं चार फळ्या मोजते, दिवा बघते, मंग तू उतारताना बघते. त्याबिगर घास गिळत न्हाय मला. बैल वाट चुकलं तरी घरी आनत्यात माणसाला. ह्या पत्र्याला घर ठावं हाय का?"

दादांना खरंच काही सुचत नसे, आत्या म्हणायची ते खोटं नव्हतं. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. "चुकलं, आक्का. इकायच्या आदी तुला इचारायला पायजे हुतं."

"व्हय. पायजेच हुतं." तिनं पाय सोडवून घेतले. मग पाटावर बसली, बैलांना हळदकुंकू वाहिलं, आणि बोटाला उरलेलं कुंकू माझ्या घोरपडीच्या नाकाला पुसलं. "ऊठ आता. हँडल मार. पळसदेवला जायचंय. माज्या बैलांला घास घालायचाय."

पुढं बसायच्या फळीवर दादांशेजारी आत्या बसली. मी आणि आई मागं हौद्यात, रिकाम्या पोत्यांवर. खड्डा आला की पुढून आत्याचा आवाज यायचा, "हळू रं, भाड्या!" आठ महिन्यांचं साठलेलं सगळं बोलणं तिनं त्या वाटेवर वापरून टाकलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

पळसदेव तेव्हा भीमेच्या काठावर होतं, अजून धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं. शेतकऱ्यानं बैलांची शिंगं लाल हिंगुळानं रंगवली होती, अंगावर झुली घातल्या होत्या. दोघंही चांगले अंगानं भरलेले. धाकट्यानं आत्याच्या हातची पोळी एका घासात संपवली. थोरल्यानं पोळी नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं.

दादा म्हणाले, "रुसायला तुज्याकडनंच शिकलाय त्यो."

आत्या इतकी हसली की तिला बैलाच्या मानेचा आधार घ्यावा लागला. तेवढ्यात थोरल्यानं मान वळवून पोळी तिच्या हातातनं ओढून घेतली.

ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं माझ्या पराक्रमाची म्हणून सांगत आले. सासरी सांगितली, मुलांना सांगितली. आत्या असेपर्यंत तिनं दरवेळी मान डोलावली. तीच आळीभर सांगत फिरायची, "आमच्या पोरीनं लॉरी केली म्हनून मी लॉरीत बसले."

आई फार म्हातारी झाली तेव्हा एकदा मी तिच्यापुढंच नातवंडांना ही गोष्ट रंगवत होते. पोरं खेळायला गेल्यावर आई म्हणाली, "त्या दिशी पहाटं वन्संनी उठून पाच पोळ्या जास्तीच्या केल्या हुत्या. फडक्यात बांधून फडताळात ठिवल्या हुत्या. कुनासाठी ते मला ठावं हुतं, तुज्या बापालाबी ठावं हुतं. कुंभारआबा तर आदल्या दिशीच सांगून गेलं हुतं, पोर कायतरी करतीया, हसू नगा म्हनून."

सत्तरीला टेकलेल्या बाईचा पहिला नंबर गेला होता.

"मग तवाच का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर पुन्हा कशाला हात लावला आसतास?" आई म्हणाली, आणि तिनं माझ्यापुढं निवडायला तांदूळ सरकवले.