हळदीची डबी

कपाट आवरताना स्टीलची छोटी डबी सापडली आणि उघडताच जुन्या हळदीचा वास आला. ही डबी शेवटची उघडली तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता, स्वमग्न, एक शब्द बोलत नव्हता. सासूबाई मात्र रोज संध्याकाळी दिवा लावला की म्हणायच्या, "बोलेल गं तो." नवऱ्याने "इंजेक्शनचं तुम्ही दोघी ठरवा" म्हणून हात झटकले, तेव्हा सासूबाईंच्या हट्टासाठी आम्ही बाळकुमहून नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. आत एसीचा गारठा, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. स्टेम सेलचं औषध नाळेपासून करतात, एवढंच सासूबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी ही डबी टेबलावर उघडली. आत हळदीत जपलेली नातवाची वाळकी नाळ होती. "दुसऱ्याची कशाला, डॉक्टर? याचीच घ्या." डॉक्टर हसले. "आजी, वाळलेल्या नाळेचा उपयोग नाही." मी विचारलं, "तुमच्या इंजेक्शनने बोलेल?" "गॅरंटी कोण देणार, मॅडम? पण आई म्हणून चान्स घ्यायला नको?" याला पुरावा नाही, हे मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "मग नको," म्हणत मी डबी बंद केली आणि उठले. रिक्षात सासूबाई बाहेरच बघत राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि "बोलेल गं तो" न म्हणताच आत गेल्या. पुढेही कधी ते वाक्य म्हणाल्या नाहीत. माझा निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. त्या आता नाहीत. माझ्याहून उंच झालेल्या मुलाने डबी हुंगली आणि मुकाट्याने परत दिली. हल्ली दिवा मीच लावते, आणि लावून झाल्यावर क्षणभर तिथेच थांबते.