साडूचा स्फटिक

प्रयोगशाळेत सगळे त्याला पंपकाका म्हणत. एकोणीस वर्षं त्याने लेसरसमोरची गॅसची नळी सांभाळली. लेसरचा जबर झोत गॅसवर पडला, की त्यातून कितीतरी पट जास्त कंप्रतेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघे. तो काढावा तर काकानेच, असं प्रमुख बाई पाहुण्यांना सांगायच्या.

मग बाईंनी ठरवलं, गॅस पुरे. हाच प्रकाश आता घन स्फटिकातून काढायचा. नखाहून पातळ स्फटिक घासायचं काम गेलं ते नेमकं काकाच्या साडूकडे. सहा वर्षांपूर्वी काकाच्याच शब्दावर तो इथे लागला होता. आता बाई रोज त्याच्या टेबलाशी. काकाच्या पोटात दुखू लागलं.

पहिल्या दिवशी झोत सोडला, पडद्यावर काहीच उमटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. "पॉलिशमध्येच काही राहिलं असेल," म्हणत साडू पुन्हा घासायला बसला.

काकाला मात्र हवा खेचून काढणाऱ्या पंपाच्या आवाजावरूनच कळलं होतं. स्फटिक ज्या निर्वात पेटीत ठेवला होता, तिच्या झाकणाची रबरी रिंग चिरली होती. आत हवा शिरत होती, आणि तो प्रकाश वाटेतच गिळत होती. काका मूग गिळून बसला. ते दोन दिवस त्याला जेवणही गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडू त्याच्याजवळ आला. बोटांची सालं निघाली होती. "दादा, माझा हात गेला वाटतं. बाईंना सांगतो, दुसरा माणूस बघा."

काकाने उठून रिंग बदलली. दुपारी पडद्यावर त्या प्रकाशाच्या एकापुढे एक रेघा उभ्या राहिल्या. "काय हात आहे हो तुमचा," बाई साडूला म्हणाल्या. रिंगचं कोणी विचारलंच नाही.

घरी काकाने बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं? काल तो माझ्या बहिणीपुढे रडला."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याने साडूपाशी कबुली दिली. साडूने डबा बंद केला. "आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाला, आणि उठून बाईंकडे गेला. गळती दादांनी शोधली, हे सांगितलं. कधी शोधली, ते नाही.

बाईंनी सगळ्यांसमोर काकाचं कौतुक केलं. ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. स्फटिकाचं एक वेळ ठीक, पण एवढं मोठं मन या माणसाला मिळालं कुठून, याचा हेवा काकाला निवृत्तीपर्यंत छळत राहिला.