माझी कवळी आणि शेफालीचा चेहरा

चौथी शिकलेली म्हातारी ब्लॉग लिहून राह्यली, हसू नका. लेकीनं, सुनीतानं, फोनवर सगळं जोडून दिलंय. जालन्याला तिच्याकडं जायची कारणं दोन. एक, मला नवी कवळी बसली होती आणि गावात ती सगळ्यांना दाखवून झाली होती. दुसरं, सुनीताच्या बाळंतपणात मी कापूस वेचण्यात अडकले, तेव्हा तिला करून घातलं ते शेजारच्या शेफालीनं. बंगालकडची पोरगी. दोघींचे नवरे एमआयडीसीत एकाच लोखंडाच्या कारखान्यात. तिची खणानारळानं ओटी भरायची राहिली होती.

आमच्या मंठ्याहून जालन्याला सरळ एसटी आहे, शहाण्यांनी तीच धरावी. मला रेल्वेची हौस, म्हणून परतूरला गेले. एसटीत बायांना अर्धं तिकीट, रेल्वेत पुरं. स्टेशनावर भजे खाल्ले, तर बेसन कवळीत असं बसलं की जालना येईपर्यंत मी तोंड वाकडं करत होते. समोरच्या बाईला वाटलं, तिला वेडावतेय. तिनं जागा बदलली! मला खिडकी मिळाली. जालन्यातून पुढं शेअर ऑटो आहे, बसायच्या आधी भाडं ठरवा.

दुसऱ्या दिवशी शेफालीला पाटावर बसवलं. ओटीत तांदूळ, नारळ घातला, तोच दारात तीन माणसं आली. दोन साहेब अन् एक बाई पोलीस. बाहेरदेशातून आलेली माणसं शोधतायत म्हणे. मोबाईल तोंडासमोर धरायचा, तो सांगणार माणूस कोण.

माझं आधार कार्ड घेतलं, मोबाईल माझ्यासमोर धरला. मी कवळी दाखवून झकास हसले.

"आजी, जुळत नाही. आधार तुमचंच आहे का?"

"मंग काय शेजारणीचं?"

पुन्हा धरला. न्हाईच. सुनीता पदरात तोंड घालून हसली. "माय, फोटोत तुला दात न्हाई गं!"

मी पाठ फिरवली, कवळी काढून ओंजळीत धरली. चटकन जुळलं. म्हणजे बोळकी मी इथली अन् दातांची परकी. साहेबसुद्धा हसले.

मंग शेफालीसमोर धरला. हसणं थांबलं. तिचा चेहरा त्यांच्या यादीतल्या कुण्या बाईशी जुळला होता.

"आमि मालदार... मैं बंगाल के मालदा की हूँ, साब," म्हणत तिनं मतदानाचं कार्ड पुढं केलं.

"कार्ड कुणीही बनवतं. मशीन खोटं बोलत नाही."

"आत्ता माझ्याबाबतीत बोललं की!" मी म्हणाले. पण कवळी हातात, त्यामुळे निघाली नुसती हवा. कुणाला कळलं न्हाई.

ओटीसकट तिला गाडीत बसवलं. मीही चढले. बाई पोलीस म्हणाली, "आजी, तुमचं काम झालं, उतरा." मी म्हटलं, "पोरीची ओटी अर्धीच भरलीय." खरं म्हणजे मला उतरताच येत न्हव्हतं, गुडघे! पण बाईला तो निश्चय वाटला.

चौकीत दिवस गेला. तिच्या बापानं मालद्याहून शाळेचा दाखला, जमिनीचा कागद फोनवर धाडला. तिनं काय केलं हे कुणी विचारलंच न्हाई, सगळे नुसतं तोंड बघत होते. मला दोनदा चहा आला. तिला एकदाही न्हाई. मी माझा अर्धा तिला दिला. दिवेलागणीला सोडलं, सोमवारी पुन्हा यायचं सांगून.

आता घरी येऊन तीन दिवस झाले. रेल्वे आठवते, भजे आठवतात. पण सकाळी सुनीताचा फोन आला. शेफाली आता भाजीवाल्याशी बोलत न्हाई, नुसतं बोटानं दाखवते. बोली ऐकून कुणी मोबाईल काढेल म्हणून. माझ्या लेकीला दोन हातांनी वाढणारी पोरगी, तिनं वांगं मागायला भ्यावं?

सोमवारी तिच्यासंगं चौकीत मी जाणार आहे. या वेळी सरळ एसटीनं. आणि कवळी घालूनच. धरा म्हणावं मोबाईल, आधी माझ्यासमोर.