मोटारीची वसरी

आमच्या मोटारीत चपला घालून चढायची बंदी होती. हा कायदा माझ्या सासूबाईंचा. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तर मीही आत्याबाईच म्हणते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जिथं आपण निजतो, जिथं देव आहे, ते घर. आणि घरात कुणी पायताण घालून हिंडतं का? देव होताच. मोटारीच्या पुढच्या काचेखाली फळीवर त्यांनी नागनाथाची तसबीर ठेवली होती आणि रोज सकाळी तिला उदबत्ती ओवाळायच्या. फक्त त्या देवघराला लागूनच इंजिन आहे आणि दुपारपर्यंत पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो, एवढं कायदा करताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या सालांतली गोष्ट. आमचा धंदा भांड्यांचा. हट्ट्याला घर होतं, पण सुगी सरली की आम्ही बाजार आणि जत्रा करत फिरायचो. पूर्वी हे बैलगाडीतून चालायचं. माझ्या लग्नाच्या सुमाराला मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक म्हातारी लॉरी घेतली आणि तिच्या पाठीवर लाकडी खोली ठोकून घेतली. खोलीत एका अंगाला तांब्यापितळेची भांडी टांगलेली, दुसऱ्या अंगाला निजायच्या फळ्या, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. कोणत्याही गावात शिरलं की पोरं ओरडायची, "घर आलं, घर आलं!" मला तर हे घर सासर-माहेर दोन्हींपेक्षा आवडलं.

का आवडलं तेही सांगते, आता या वयात लाजायचं कुणाला? हट्ट्याच्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याचं तोंड दिसायचं नाही. तो बैठकीत, मी चुलीपुढं. मोटारीत मात्र तिघं एका बाकावर. मालक चाकापाशी, मी खिडकीपाशी आणि मधे, दोघांच्या बरोबर मधे, आत्याबाई. नवी नवरी चारचौघांत नवऱ्याला खेटून बसली तर लोक काय म्हणतील, म्हणून ती जागा त्यांनी पहिल्या दिवशीच धरली आणि सोडली नाही.

मागं भांडी अशी वाजायची की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे. मला मालकांना काही सांगायचं तर ते आत्याबाईंच्या मार्फत. मी म्हणावं, "आत्याबाई, त्यांना म्हणावं, सकाळपासून उपाशी आहात, थांबून चार घास खा." आत्याबाई तिकडं तोंड करून ओरडायच्या, "भाकरी वाळून राहिल्या म्हनती!" माझ्या तोंडून निघालेली माया वाटेतच कुठंतरी सांडायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमचे हाल सुरू झाले. मालकांनी मागं कोळशाची टाकी बसवून घेतली. त्या लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटार चालायची, म्हणजे चालायची कमी आणि कण्हायची जास्त. चढ आला की इंजिन इतकं तापायचं की पत्र्यातल्या फटींतून, गियरच्या दांड्याच्या भोकातून वाफारा वर यायचा. मधली जागा त्या दांड्याच्या अगदी तोंडाशी. पाय वर घेऊन मांडी घालावी तर मालकांचं कोपर लागायचं आणि ते खेकसायचे. आत्याबाई पाय खाली सोडून गप्प बसायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "काई तकलीफ न्हाई. चुलीपुढं जल्म गेला माजा."

पण उष्णता तर मलाही लागत होती, मग उपाय करणं आलं. पहिल्यांदा मी पायाखाली ओलं पोतं अंथरलं. थोड्या वेळानं त्यातून वाफ निघायला लागली आणि आम्ही तिघं ढोकळ्यासारखे उकडून निघालो. मग कडुलिंबाचे डहाळे टाकले. ते करपले आणि डोळे चुरचुरले. शेवटी मी माझी विद्या काढली. चूल घालण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. माती, शेण आणि भुसा कालवून इंजिन आणि आमच्यामधल्या पत्र्याला मी जाड लेप दिला, वरून बोटांनी छान नक्षी ओढली. आत्याबाई म्हणाल्या, "आता कसं घरावानी दिसून राहिलं."

औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेला निघालो ते याच थाटात. सकाळभर खरंच गार वाटलं. पण चूल ती चूल. एकदा तापली की निवायचं नाव घेईना. इंजिन थांबवून झाडाखाली बसलो तरी आतून भपकारा येतच होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुढं उताराला गचके बसले, माझ्या नक्षीचं एक ढेकूळ निखळलं आणि मालकांच्या पायाखालच्या ब्रेकमागं जाऊन बसलं. मोटार सडक सोडून कुणाच्या तरी शेतात शिरली आणि बांधाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मागची सगळी भांडी एकदम खाली आली. मालक खाली उतरले, माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "हिला म्हनावं, पुढच्या खेपी जातंबी बसव हितं!" हा निरोप मात्र आत्याबाईंनी मला जशाच्या तसा पोचवला.

औंढ्याला देवळाच्या अलीकडं मोटार लावली. सणाचा दिवस, म्हणून मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. माझा हात लागायच्या आत त्यांनी पाय मागं घेतले. पाया पडणाऱ्यापासून कुणी पाय मागं घेत नाही. मला वाटलं, भांडी चेपली म्हणून रागावल्या. मी तशीच खाली बसले, पुन्हा हात पुढं केला आणि तळव्यांकडं नजर गेली. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. काही फुटलेले, काही जुने, काळे पडलेले. म्हणजे हे आजचं नव्हतं.

माझ्या ओरडण्यानं मालक धावत आले. त्यांनी आईचे पाय बघितले. मग म्हणाले, "बस झालं. हिंगोलीचा एक जन मागून राहिला, त्याला इकून टाकतो मोटार. तुमी दोघी हट्ट्याला राहा, मी गाडीबैल घेऊन बाजार करतो."

मला समोर दिसायला लागलं ते हट्ट्याचं घर, ती चूल आणि महिना महिना बाहेर असणारा नवरा. आत्याबाई मधे बसलेल्या होत्या, पण मी त्यांच्या मार्फत बोलले नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्या माणसासमोर सरळ नवऱ्याला म्हटलं, "ऱ्हातं घर कोनी इकतं का? मी न्हाई उतरायची."

बोलून गेले आणि मीच घाबरले, कारण आता आत्याबाई काय बोलतील याचा नेम नव्हता. त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पोरी, ती तसबीर काढ तिथून. मागं खोलीत ठेव."

मला कळेना. त्यांनीच उलगडून सांगितलं, "देव राहील घरात. ही पुढली म्हंजे वसरी. वसरीत पायतान चालतं." वसरी म्हणजे आमच्याकडं घरापुढची ओसरी, जिथं चपला सोडतात तीच जागा. त्यांनी कायदा मोडला नाही, घराची हद्दच जराशी मागं सरकवली. देवाला मागच्या फळीवर बसवून झाल्यावर त्या पुढं म्हणाल्या, "अन् आता मी खिडकीपाशी बसते. मला वारा पायजे. तू सरक मधे."

मालकांनी इंजिनाच्या बाजूचे पत्रे काढून ठेवले, म्हणजे वारा आरपार जाईल. माझा लेप खरवडला, पायाखाली लाकडाचे ठोकळे आणि त्यावर फळी ठोकली, वर घोंगडी दुमडून टाकली. जत्रेतून तिघांना जाड तळाच्या वहाणा घेतल्या. तरी मधली जागा पोळायचीच. मालक गियर टाकताना ओरडून विचारायचे, "लई पोळून राहिलं का?" मी ओरडायचे, "न्हाई!" पोळत होतं, पण इतक्या सुखाची जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आत्याबाई खिडकीपाशी बसल्यावर पहिलं काम काय करायच्या, तर कमरेच्या पिशवीतून कापूस काढून दोन्ही कानांत बोळे घालायच्या. म्हणायच्या, "वारा बाधतो." मग तोंड बाहेर वळवून सगळी वाट शेतं बघायच्या. आणि आम्ही दोघं त्या भांड्यांच्या कल्लोळात गळा फाडून बोलायचो. हळू बोलायच्या गोष्टी आम्ही ओरडून बोललो. एकदा मालक काहीतरी चावट ओरडले आणि मला दिसलं, कानांत कापूस घातलेल्या आत्याबाईंचे खांदे हसण्यानं गदगदा हलत होते. तरी मान काही त्यांनी आत वळवली नाही. वारा एका बाजूनं येतो आणि बोळे दोन्ही कानांत कशाला, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली, थंडीत, आत्याबाई गेल्या. मोटार तेव्हा हट्ट्याच्या घरामागं उभी होती. गल्लीतल्या बायकांनी रीतीप्रमाणं त्यांच्या नाकाकानात कापसाचे बोळे घातले. मी पायांपाशी बसले होते. तळव्यांवरचे जुने डाग अजून दिसत होते. मी उठले आणि दोन्ही कानांतला कापूस काढून घेतला. बायका म्हणाल्या, "अगं, काहून काढून राहिली?"

मी म्हटलं, "आमच्यासाठी लई दिवस घातला त्यांनी. आता राहू द्या कान मोकळे."