वीणेच्या बदल्यात कीबोर्ड

"किती महिन्यांत वाजवता येईल?" हा प्रश्न मी तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकला, की आजही कुणी विचारला तर मी विषय बदलते. तंजावरच्या जुन्या बस स्टँडजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, नव्वदीच्या सुरुवातीला एक संगीत केंद्र निघालं होतं. मालक त्याआधी प्रेशर कुकर विकायचा. चौकशीच्या टेबलावर त्यानं मला बसवलं, कारण मला वीणा येत होती, तमिळ आणि इंग्रजी येत होतं, आणि मराठी राजांच्या काळापासून गावात राहिलेली आमची मराठी कुटुंबं माझ्या तोंडाकडे बघून येतील असा त्याचा अंदाज होता. तिकडे आम्ही मराठी फक्त बोलायचो. पुढं लग्न होऊन पुण्याला आले आणि देवनागरी लिहायला शिकले, म्हणून हे आता लिहिता येतंय.

प्रश्न रोज तेच असायचे. सूर शिकावेच लागतात, की सरळ गाणी सुरू करता येतात? मुलीची बोटं आखूड आहेत, चालतील? मुलगा डावखुरा आहे, त्याला कुठलं वाद्य द्यावं? गळ्यात सूर नाही, पण हातानं वाजवता येईल ना? खरं सांगते, यातला एकही प्रश्न वाईट नव्हता. ज्याला काही शिकायचंय तो असंच विचारणार. वाईट होती ती उत्तरं, आणि ती मी द्यायचे. मालकानं पहिल्याच दिवशी पढवून ठेवलं होतं, की कुणालाही "नाही" म्हणायचं नाही आणि "बघू" तर मुळीच नाही. थिअरीचं कुणी विचारलं की नुसतं हसायचं. मी हसायचे. ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या सुमारास जो तो जुनं देऊन नवं घेत होता. टीव्ही, मिक्सर, स्कूटर. एक्स्चेंज ऑफर हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला होता. आमच्या मालकानं त्यात वाद्यं आणली. घरातली जुनी वीणा किंवा व्हायोलिन आणून द्या, कीबोर्ड सवलतीत घेऊन जा. जिन्याच्या तोंडाशी त्यानं मोठा फलक लावला, त्यावर वर कीबोर्डाचं चित्र आणि खाली वीणेवर लाल फुली. फणसाचं लाकूड कोरून वीणा करणारी माणसं सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर राहत होती, त्या गावात ही फुली. तो फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी जिना चढून वर गेले आणि टेबलावर जाऊन बसले.

तिथंच एका सकाळी ओरत्तनाडूहून बसनं एक बाप आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. सरकारी कचेरीत कारकून, आमच्यासारखंच मराठी घर. त्याची आई त्याच वर्षी गेली होती. ती रोज वीणा वाजवायची आणि ही नात शेजारी बसून ऐकायची. आता वीणा घरात पडून होती. वीणेचे पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. उन्हाळ्यात ते मेण मऊ झालं होतं, पडदे तिरके झाले होते, दोन तर निखळून पडले होते. त्याचा प्रश्न सरळ होता, की वीणा नीट करून घ्यावी, की पोरीला कीबोर्ड द्यावा?

मी तोंड उघडायच्या आत पोरगीच टेबलावरच्या कीबोर्डाकडे बोट दाखवून बोलली.

"अक्का, पाटी तोडी वाजवायची. त्यातला 'ग' ह्यावर कुठें आहे?"

पाटी म्हणजे आजी. आमच्या बोलण्यात तो तमिळ शब्दच चालतो. आणि तिनं तो 'ग' मला गाऊन दाखवला.

आमच्याकडच्या तोडी रागातला हा 'ग', म्हणजे गांधार, एका जागी उभा राहत नाही. तो खालच्या सुराला शिवतो, झुलतो, मग वर येतो. वीणेवर पडद्यावरची तार बाजूला ओढून तो काढतात, आणि किती ओढायची ते कान सांगतो. मला तो हातात बसवायला चार वर्षं लागली होती. या पोरीनं चपला पायात असताना, टेबलाच्या कडेला धरून, तो जसाच्या तसा गायला. माझ्या अंगावर काटा आला. कीबोर्डावर तो सूर कुठल्याच पट्टीत नसतो.

उत्तर मला ठाऊक होतं. पोरीला घरी न्या, वीणेचे पडदे बसवणाऱ्याला बोलवा, दोन दिवसांचं काम आहे, आणि मग हिला चांगल्या गुरूकडे घाला. त्यासाठी तिरुवैयारुपर्यंत खेपा घालाव्या लागल्या तरी घाला. एवढंच बोलायचं होतं. मालक मागं उभा राहून पेल्यातली कॉफी डबऱ्यात, खालच्या पसरट वाटीत, ओतून गार करत होता. ती वरून खाली पडण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"आधी कीबोर्ड शिकूं दे," मी म्हणाले. "बोटं वळलीं, कीं वीणा आपोआप येईल."

आणि पोरीला म्हणाले, "तो 'ग' पुढच्या वर्गांत शिकवतात."

बापानं हात जोडले. "तुम्ही आमच्यांतले, म्हणून विचारलें. दुसरा कोणी असता, तर फसवला असता मजला."

मी प्रवेशाचा फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. पुढच्या आठवड्यात तो वीणा घेऊन आला, आईच्या नऊवारीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर ठेवून आणलेली. साडी त्यानं घडी घालून परत नेली.

ती वीणा मी नंतर एकदा पाहिली. पर्यटकांसाठी गावात नवं हॉटेल झालं होतं, तिथं एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेले होते. दारातच, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली. मानेवरच्या हस्तिदंती वेलीवरून मी ती ओळखली. तारा काढून टाकलेल्या, अंगावर चकचकीत वार्निश, खुंट्यांना प्लॅस्टिकचा मोगरा. तिचा छोटा भोपळा सुटा करून काउंटरवर उलटा ठेवला होता आणि त्यात बडीशेप भरली होती. जेवून आलेली माणसं खरकट्या बोटांनी त्यात हात घालत होती. मला शिसारी आली. हॉटेलवाल्याची आली, मालकाची आली, पण सगळ्यात जास्त माझी मलाच आली. मी बडीशेप घेतली नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम. जेवण मात्र पायसासकट जेवले.

तिसऱ्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि एका रविवारी ओरत्तनाडूची बस धरली. माझी वीणा आणीन, दर रविवारी येऊन शिकवीन, एक पैसा घेणार नाही, असं सगळं मनाशी घोकत निघाले होते. पोरीचा कान शाबूत आहे, बाकीचं मी भरून काढीन, या भरवशावर मी बसमधला तो तासभर काढला. खरं म्हणजे मला त्या पोरीपेक्षा माझीच सुटका हवी होती.

त्यांना कोण आनंद झाला! बापानं शेजाऱ्यांना सांगितलं की हिच्या गुरू आल्यात. मी तिला एक अक्षर शिकवलं नव्हतं. कीबोर्डावर विणलेलं झाकण होतं, ते पोरीनं जपून काढलं, एक बटण दाबून ठेका लावला आणि दोन्ही हातांनी एक सिनेमातलं गाणं वाजवलं. बोटं सफाईदार होती. कुठं अडखळली नाही.

"छान," मी म्हणाले. "आतां पाटीची तोडी गा."

ती लगेच गायली. लाजली नाही, थांबली नाही. एकेक सूर जिथल्या तिथं, सरळ. गांधारही सरळ. मला वाटलं विसरली असेल, म्हणून मी तिच्या आजीचा तो झुलता 'ग' गाऊन दाखवला. "असा गायचीस ना तूं? मजला गाऊन दाखवला होतास, आठवतें?"

पोरगी हसली. माझी समजूत घालावी तशी, अगदी प्रेमानं म्हणाली, "तें चूक होतें, अक्का. ह्यावर वाजवून पाहिलें, तेव्हां कळलें मजला. पाटीचें वय झालेलें ना, हात कांपायचा तिचा."