उजव्या ढोपराचं गाऱ्हाणं

सत्यवतीच्या पोटात गोष्ट राहते, अशी तिची गावात ख्याती. विहिरीत टाकलेला दगड एखादवेळ वर येईल, सत्यवतीला सांगितलेलं येणार नाही. तारकर्लीला पर्यटकांसाठी घरं झाली तेव्हापासून ती तिथल्या एका निवासात स्वयंपाक करते. सकाळी घावणे, दुपारी माशाचं ताट. कांदा चिरताना बायका तिच्यापाशी येऊन नवऱ्याचं, सासूचं, सुनेचं सगळं ओततात आणि हलक्या होऊन जातात. ती कुणाची बाजू घेत नाही आणि सल्लाही देत नाही. सल्ला न देणारं माणूस सगळ्यांना आवडतं.

नवरा मुंबईला एका कापडदुकानात. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, एरवी फोनवर. मुलगा एकच, देवेश. शिक्षणात बेताचा, पण कबड्डीत चढाईला गेला की समोरचे सात जण नुसते बघत राहायचे. त्याच्या जिवावर वाडीचा संघ गेल्या थंडीत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. अंतिम सामना बघायला मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचा माणूस येणार होता. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. खेळायचं आणि पगार घ्यायचा. देवेशच्या आयुष्यातलं हे एकच उघडं दार होतं आणि ते त्या घरात न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

उपांत्य सामन्यात पकडीतून सुटताना देवेश वाकडा पडला आणि त्याचं ढोपर फिरलं. संघाचा मॅनेजर लवू. पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायचा त्याचा धंदा, पण स्वतःला तो आधी मॅनेजर मानतो. त्याने देवेशला आपल्याच मोटरसायकलवर घालून डॉक्टरकडे नेलं, परत आणलं आणि अंगणात जमलेल्यांना सांगितलं, थोडा त्रास आहे, बाकी काही नाही. कुठे त्रास? अंगात.

लवूचा हा नियमच होता. बाद फेरी लागली की कुणाचं काय दुखतं ते बाहेर सांगायचं नाही. परदेशात बर्फावर हॉकी खेळतात, ते लोक म्हणे अशा वेळी खेळाडूची दुखापत ‘कमरेच्या वर’ की ‘कमरेच्या खाली’ एवढंच सांगतात. हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो पत्रकार परिषद घेतल्यासारखा बोलायला लागला होता. पण नियमात अक्कल होती, हे कबूल करायला हवं. कबड्डी म्हणजे धरण्याचा खेळ.

“दुखणा खंय आसा तां कळला तर ते थंयच धरतले,” तो पोरांना सांगायचा.

म्हणून देवेशच्या दोन्ही ढोपरांना पट्ट्या बांधल्या. चहाच्या टपरीवर जाताना एक दिवस डावीकडे लंगडायचं, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. अंतिम सामना खाडीपलीकडच्या संघाशी होता. तिकडची माणसं मासळी घेऊन यायची, त्यांच्या कानावर जाईल अशा बेताने देवेशला जुलाब होतायत असंही सोडून दिलं. पोरं या नाटकावर खूश होती.

सत्यवतीलाही ‘थोडा त्रास’ एवढंच कळलं होतं. पण आईच ती. दुपारी पोर पडवीत झोपलेलं असताना तिने तेलाची वाटी घेतली आणि दोन्ही पट्ट्या सोडल्या. डावं ढोपर ठणठणीत. उजवं सुजून नीरफणस झालेलं. बोट लावलं तसा तो ओरडून उठला.

“आये, कोणाक सांगू नको,” तो म्हणाला. “बाबांकपण नको.”

ती म्हणाली, नाही सांगत. आणि खरंच सांगितलं नाही. नवऱ्याचा फोन आला तेव्हा पोराचं बरं आहे म्हणाली. शेजारच्या अनुजाने खोदून विचारलं तर जुलाबाचीच गोष्ट पुढे चालवली. डॉक्टर काय म्हणाला, हे तिने देवेशला विचारलं होतं. शेकायला सांगितलंय, असं तो म्हणाला. तिने शेकलं. सूज हलेना.

आता माणसाला सांगायचं नाही म्हटल्यावर उरला देव. आणि इथेच घात झाला.

आपल्याकडे देवाला मनातल्या मनात सांगायची रीत नाही. नारळ आणि विडा ठेवायचा, अडचण गावकराला, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याला, सांगायची आणि त्याने ती भर सभामंडपात, मोठ्या आवाजात देवापुढे मांडायची, हेच गाऱ्हाणं. हजर असतील त्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही. आणि मांडायचं ते नेमकं. एकाने ‘घरातला दुखणा जावंदे’ असं मोघम सांगितलं, तर सासूचा खोकला गेला आणि त्याची स्वतःची मूळव्याध तशीच राहिली, हे बाबली गावकर अजून रंगवून सांगतो.

सत्यवती मुद्दाम भर दुपारी गेली, देवळात कोणी नसेल म्हणून. तर तिथे ओटी भरायला चार बायका बसलेल्या, त्यात काशीबाई. काशीबाई याच गावची लेक, खाडीपलीकडे दिलेली. सत्यवतीने बाबलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि हळू बोला म्हणून विनवलं.

“देव बहिरो नाय, पण माका हळू बोलूक येना नाय,” बाबली म्हणाला आणि हात जोडून सुरू झाला. “बा देवा म्हाराजा, ह्या सत्यवतीन आज तुझ्या पायाकडे नारळ-इडो ठेवलो आसा. तिच्या झिलाचा, देवेशाचा, उजवा ढोपर सुजलाहा, वाटी सरकलीहा, तां तू बरा कर. आयतवारच्या सामन्यात त्या ढोपराक कोणाचो हात लागाक देऊ नको, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” बायका म्हणाल्या. काशीबाईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. तिला खरंच वाईट वाटलं होतं. घरी जाऊन तिने भाकरी थापता थापता हळहळून सांगितलं, बिचाऱ्या पोराचं उजवं ढोपर गेलं. ऐकणाऱ्यांत तिचा पुतण्या होता आणि तो समोरच्या संघात कोपऱ्यात उभा राहून पकडी करायचा.

रविवारी देवेश पहिल्याच चढाईला गेला, तेव्हा सातातला एकही जण डाव्या पायाकडे फिरकला नाही. पुतण्याने उजव्या पायावर झेप टाकली, त्याच्यावर दुसरा पडला. आवाज प्रेक्षकांपर्यंत आला म्हणतात. देवेशला चौघांनी उचलून बाहेर काढलं. उरलेला सामना संघ त्याच्यावाचून हरलाच. मुंबईचा माणूस मध्यंतराला चहा पिऊन निघून गेला.

गाऱ्हाण्याची गोष्ट त्याच संध्याकाळी फुटली. मग काय विचारता. ज्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करायच्या, त्याच म्हणू लागल्या, हिच्या तोंडाला कुलूप नाही. बाबलीला कोणी काही बोललं नाही, तो गावकर. काशीबाईला बोललं नाही, ती माहेरवाशीण. पुतण्याला तर शाबासकीच मिळाली.

सत्यवतीनेही तो दोष मुकाट्याने पदरात घेतला असता. पण इस्पितळात तोच डॉक्टर भेटला आणि तिच्यावरच उखडला. “पहिल्यांदा आणलं तेव्हाच मी सांगितलं होतं, याला मैदानात उतरवू नका. ढोपर कायमचं जाईल. सोबत आलेल्या लवूंना दोनदा बजावलं मी.”

ती तशीच लवूच्या अंगणात गेली. तो बोटीचं इंजिन पुसत होता. तिला बघून त्याने आधीच तोंड सोडलं: देवाला सांगायचं तर मनात सांगायचं होतं, तिच्यापायी गावाचा चषक गेला. तिने त्याला बोलू दिलं.

“डॉक्टरान खेळवू नको म्हणान तुका सांगल्यान,” ती म्हणाली. “माका कित्याक सांगूक नाय?”

लवूने फडकं बाजूला ठेवलं. “तुमका सांगला असता, वैनी, तर तुमी त्याका खेळाक सोडला असतास?”

निर्लज्ज असेल, पण खोटं बोलला नाही. खाडीपलीकडच्यांना फसवायला दोन्ही पट्ट्या होत्या, लंगडणं होतं, जुलाब होते. ‘थोडा त्रास’ हे शब्द मात्र तिच्यासाठी होते. देवेशला खेळण्यापासून रोखण्याची ताकद समोरच्या संघात नव्हती, आईत होती.

देवेशलाही डॉक्टरचं बोलणं ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नको. त्याने होकार दिला होता. पण स्वतःच्या होकारापेक्षा आईचं तोंड दोषी धरणं सोपं, आणि पोरगा अजून सोपं तेच धरून आहे. शस्त्रक्रिया झाली. आता तो चालतो, मांडी घालता येत नाही. आई स्वयंपाक करते त्याच निवासात पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देतो. तिने वाढलेलं जेवतो आणि ताटावरून उठतो.

यंदा संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला. आता चढाईची मदार विश्वेशवर. लवूने जाहीर केलं, विश्वेशला थोडा ताप आहे. परवा एका पूजेच्या जेवणात सत्यवतीने विश्वेशला पाण्याचा तांब्या उचलायला जाताना पाहिलं. हात अर्ध्यावर थांबला आणि त्याने तो गुपचूप मागे घेतला. ती जेवण टाकून उठली आणि थेट त्याच्या आईच्या, रसिकाच्या, दारात जाऊन उभी राहिली.

“ताप-बीप काय नाय. त्याचो खांदो गेलोहा. डॉक्टराक तू जावन विचार, लवूक विचारू नको.”

रसिकाने आधी रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं. मग तिला दंडाला धरून आत ओढलं. “वैनी, हळू बोला. आयतवारी सामनो आसा.”

तिने दाराला कडी घातली, पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, “खंयचो खांदो?”