तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?

मैत्रिणींनो, दुपारी मुलुंडहून आले तेव्हापासून मनाला चैन नाही.

लोक ॲप कसं वापरतात ते त्यांच्या शेजारी बसून बघायचं, हे माझं काम तुम्हाला माहीत आहेच. नैरोबी, लिस्बन, क्योटो, कुठेकुठे बसले. नियम सगळीकडे एकच: मदत करायची नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ओठांवर बोट ठेवायला शिकवलं, ते इथे कामी आलं.

आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सावंतकाका होते आणि एका हॉस्पिटलचं ॲप. मनात येईल ते मोठ्याने बोला, असं मी त्यांना सांगितलं होतं.

'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?' हा रकाना आला. नैरोबीत अशाच रकान्यात एका बाईने क्षणात शेजारणीचं नाव लिहिलं होतं. काका थांबले. फोनमधली नावं वाचू लागले.

"हा गेला. हा पण गेला, लबाड, माझ्या आधी! मुलगी टोरांटोला. ती विमानात बसेपर्यंत मी वर पोचलेला. शेजारचे जोशी होते, पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली नि सगळे पांगले. इथे भाड्याच्या घरात कोण ओळखतंय?" मग हसून म्हणाले, "मॅडम, तुमचा नंबर टाकू का?"

मी नियमाप्रमाणे गप्प राहिले.

त्यांनी स्वतःचाच नंबर टाकला. हिरवी खूण आली. "जमलं बघा!"

अहवालात मी 'काम पूर्ण' असं लिहिलंय.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मघापासून तीनदा काढून बघितला. सांगा ना, फोन करून काय म्हणू?